हलक्या वजनाची जोडी

१

लंबूची उशी रक्ताने भिजली होती आणि कोठीतलं उंदराच्या औषधाचं पाकीट नाहीसं झालं होतं. आक्काने फोनवर या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या.

"धाकटे, ते म्हणतात मी केलं," एवढंच ती शेवटी म्हणाली.

धाकटी आता पन्नाशीकडे झुकली होती आणि पोलिसात इन्स्पेक्टर होती, पण आक्कासाठी ती धाकटीच. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने गाडी काढली. आक्का जिथे स्वयंपाक करायची तो तळ्याकाठचा नौकानयन क्लब धाकटीच्या हद्दीत येत नव्हता. तिथे तिला कुणाला प्रश्न विचारायचाही अधिकार नव्हता. ती फक्त बहीण म्हणून चालली होती आणि तेच तिला टोचत होतं. घरातल्या माणसासाठी तपास करायला निघालेले पोलीस तिने पाहिले होते. आधी उत्तर ठरवायचं आणि मग पुरावे त्याच्या मापाचे कापायचे, हे त्यांचं काम. आपलंही तेच होणार का, हे तिने वाटभर स्वतःला विचारलं.

क्लब म्हणजे एक लांबट शेड, तिच्यात फळ्यांवर उलट्या ठेवलेल्या होड्या, वर मुलींच्या खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला पोलिसांचं सील होतं. आक्का बाहेरच्या बाकावर पदर मुठीत धरून बसली होती.

"दुपारी मला चौकीवर नेणारेत," ती म्हणाली. "जबाबाला. परत आणतील का गं?"

धाकटीने बाकावर तिच्याजवळ जागा केली. खोटं बोलवेना आणि खरं माहीत नव्हतं.

"मला सगळं पहिल्यापासून सांग."

काल सकाळी लंबू उठली ती नाकातून रक्त वाहतच. ती या क्लबातली सगळ्यात उंच मुलगी. ती आणि तिची जोडीदारीण चिमणी हलक्या वजनाच्या गटात दोघींची होडी वल्हवत. निवडीची शर्यत तोंडावर आली होती. रक्त दाबलं, बर्फ लावला, पण थांबेना. गाडी बोलावली. आक्का लंबूचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसली आणि प्रशिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणत, ते मोटरसायकलवरून मागोमाग आले. डॉक्टरांनी रक्त तपासलं. ते गोठतच नव्हतं.

"मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोघांना विचारलं, तिथे उंदराचं औषध वापरता का. मी म्हटलं, हो, कोठीत आहे. उंदीर दोर कुरतडतात म्हणून मीच आणलंय. त्याने रक्त पातळ होतं म्हणे. मी परत आले, कोठी उघडली, तर पाकीट गायब."

"किल्ली?"

"खिळ्यावर. सगळ्यांना माहीत."

"मग तुझ्यावरच का?"

आक्काने नजर चुकवली. "माझं लंबूशी वाजलं होतं. माझ्या भाजीत तेल फार असतं म्हणाली. सगळ्यांसमोर. मी रागाच्या भरात बोलून गेले, एवढं नको असेल तर उपाशी राहा, मर."

धाकटीच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

"तू 'मर' म्हणालीस?"

"तोंडात येतं तसं बोलले गं."

२

धाकटीने स्वतःला बजावलं: आधी आक्काचं वाईट धरून चाल. आक्काकडे औषध होतं, राग होता, आणि ताट वाढणंही तिच्याच हातात होतं.

पण इथेच पहिली गाठ पडली.

"मी त्या दोघींना वाढतच नाही," आक्का म्हणाली. "त्या भांडणाच्या कितीतरी आधीपासून, वर्ष होत आलं. त्यांचं वजन काट्यावर रोज बघतात ना. त्यांच्या कच्च्या भाज्या सर स्वतः चिरतात, स्वतः तेल घालतात, डबे भरून देतात. माझ्याकडून फक्त पाव आणि उकडलेली अंडी जातात. त्यातलं पिवळंसुद्धा काढून टाकतात."

ऐकायला हे बरं होतं, म्हणूनच धाकटी सावध झाली. बहीण जे ऐकायला आसुसली होती तेच तिला ऐकवलं जात होतं.

क्लबात तिसरी एक मुलगी होती. तिचं टोपणनावच तिसरी पडलं होतं, कारण ती राखीव खेळाडू. जोडीतली एक आजारी पडली की हिला होडीत जागा. चौकीवरच्या लोकांनी तिलाही बरंच उलटसुलट विचारलं होतं. ती धक्क्यावर वल्ही पुसत होती. एकच वल्हं पुन्हा पुन्हा पुसत होती.

"मावशी, मी काही केलेलं नाही," धाकटी जवळ येताच ती म्हणाली.

"मी विचारलं कुठे?"

"सगळे तसंच बघतात. लंबू पडली की माझा फायदा, हे न कळायला कुणी दुधखुळं नाही इथे."

"मग झाला का फायदा?"

तिसरीच्या डोळ्यात पाणी आलं. "मी भरते जास्त वजनाची. हलक्या गटात मला घेणारच नाहीत. सर म्हणाले होते, तू माझा खास खुराक घे, महिन्यात उतरशील. मला ते तेल लावलेलं गवत जाईना. मी आक्काच्या हातचं खाते."

धाकटी तिच्या शेजारी बसली. बराच वेळ काही बोलली नाही. पोलिसी नोकरीत ती एवढं शिकली होती की घाबरलेल्या माणसाला गप्प बसणं सगळ्यात जड जातं.

"लंबूला हे कालच झालेलं नाही," तिसरी अखेर म्हणाली. "तिच्या पायांवर कधीपासून निळे डाग आहेत. नुसतं बोट लागलं तरी. ती लांब पायजमा घालते. आणि..." ती थांबली. "चिमणीचं मी सांगितलं तर ती मला कधी माफ करणार नाही."

"सांग."

"चिमणीला संध्याकाळी दिसत नाही. परवा दिवेलागणीला ती सरळ धक्क्याच्या खांबावर चालत गेली."

३

चिमणी खोलीत पलंगावर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. धाकटीने दार लावलं.

"किती दिवस झाले?"

तिने आधी नाही म्हटलं, मग मान खाली घातली. उजेडात सगळं ठीक. ऊन उतरलं की भोवतालचं पुसल्यासारखं होतं. जिन्यावर ती भिंतीला हात लावून चढते. होडीत लंबू मागून दिशा सांगते. बाहेर कुणाला सांगितलं असतं तर होडीतून काढलं असतं, आणि शर्यतीसाठी तिने शाळेचं अख्खं वर्ष सोडलं होतं.

"सरांना ठाऊक आहे?"

"थकवा आहे म्हणाले. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून दिल्या दोघींना. रोज जेवताना घेतो. लंबूचे डाग गेले नाहीत, माझं दिसणंही सुधारलं नाही."

"आणखी काही होतं? लाजू नकोस. मी दोन मुलं वाढवलीयत, मला कशाची किळस येत नाही."

चिमणीचा चेहरा लालबुंद झाला. ती भिंतीकडे तोंड करून बोलली.

"कपड्यांना डाग पडतात. आतल्या. तेलाचे. धुतले तरी जात नाहीत. दोघींच्याही. आम्हाला वाटलं आमच्यातच काही घाण आहे."

धाकटी उठली. तिच्या डोक्यात काहीतरी हललं होतं, पण हाताला लागत नव्हतं. उंदराच्या औषधाने रक्त पातळ होईल, पण माणूस आंधळा कसा होईल? आणि कपड्यांवर तेल कुठून येईल?

खाली आवारात गाडी थांबल्याचा आवाज आला. तिने खिडकीतून पाहिलं. चौकीची नव्हती, पाववाल्याची होती. तरीही ती गाडी आवाराबाहेर जाईपर्यंत खिडकीशी उभी राहिली.

४

हॉस्पिटल जुनं आणि लहान होतं. लंबूला आता बरं वाटत होतं, ती उशांना टेकून बसली होती, मात्र हातांवरचे निळे डाग चादरीबाहेर दिसत होते. उशाशी तिची, काल गाडीतून बरोबरच आलेली पिशवी होती.

डॉक्टरीणबाई थकलेल्या आणि तुटक बोलणाऱ्या होत्या. धाकटीने सरळ सांगितलं की ती स्वयंपाकीणबाईंची बहीण आहे आणि तिचा इथे काही अधिकार नाही. त्या प्रामाणिकपणामुळे की काय, बाईंनी खुर्ची पुढे केली.

"काल मी जीवनसत्त्व 'के'ची सुई दिली. रक्त गोठायला तेच लागतं. साधीच मात्रा. आज सकाळी तपासलं तर रक्त जवळजवळ ठीक. हे मला खटकतंय. उंदराच्या औषधाचा असर असता तर एवढ्यावर भागत नाही, पुन्हा पुन्हा आणि भरपूर द्यावं लागतं. पण विषाचा अहवाल यायला वेळ आहे, मी छातीठोक काही म्हणणार नाही."

धाकटीने चिमणीबद्दल सांगितलं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"संध्याकाळी दिसत नाही? ते 'ए' जीवनसत्त्वाचं काम." त्यांनी लंबूचे तपासणीचे कागद पुढे ओढले. "'ए' आणि 'के'. आणि या मुलीच्या तपासणीत 'बी'मधली जीवनसत्त्वं अगदी भरपूर आहेत. ओठ फुटलेले नाहीत, जीभ छान आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पाण्यात विरघळणारी सगळी जागेवर आहेत, आणि तेलात विरघळणारी गेलीयत."

"असं का असतं, डॉक्टर? काही पाण्यात, काही तेलात? मला शाळेत कुणी सांगितलं असेल तर आठवत नाही."

"पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात," बाई म्हणाल्या. "त्यांच्यात शिरायचं तर पाण्याला धरता येईल असं काहीतरी अंगावर हवं. 'सी'च्या, 'बी'च्या कणांवर तशा जागा आहेत, साखरेसारख्या. म्हणून ते पाण्यात मिसळतात, जास्त झाले तर लघवीतून निघूनही जातात. 'ए', 'डी', 'ई', 'के' म्हणजे कार्बनच्या लांब गुळगुळीत साखळ्या. पाण्याला त्यांच्यात धरण्यासारखं काही सापडत नाही. पाणी आपापसांत हात धरतं आणि त्यांना बाहेर ढकलतं. मग त्यांना तेलाचाच आसरा."

"पण रक्त तर पाणीच ना? मग रक्तातून ती डोळ्यापर्यंत जातात कशी?"

बाईंनी तिच्याकडे जरा नव्याने पाहिलं. "चांगलं विचारलंत. प्रथिनांच्या पोटात बसून. प्रथिनाची साखळी अशी दुमडते की पाण्याशी जमणारे भाग बाहेर आणि तेलकट भाग आत. म्हणून ते रक्तात विरघळतं, आणि आतल्या तेलकट खोबणीत 'ए'ला सांभाळून नेतं. जी प्रथिनं पेशींच्या चरबीच्या पडद्यात बसतात त्यांचं उलटं असतं, तेलकट भाग बाहेर. ती नुसत्या पाण्यात टाकली तर गोळा होऊन बसतात. पण हे सगळं पुढचं. आधी जीवनसत्त्व आतड्यातून आत यायला हवं, आणि त्यासाठी जेवणात तेल-तूप हवं."

"मुलींना तेलच मिळत नसेल तर?"

"तर हे होऊ शकतं."

धाकटीला हायसं वाटलं, आणि लगेच ते गेलं. तिसरी काय म्हणाली होती? तेल लावलेलं गवत. मुलींना तेल रोज मिळत होतं.

५

सर हॉस्पिटलच्याच आवारात भेटले. आखडलेल्या खांद्यांचा, एके काळी नक्कीच देखणा असलेला माणूस. रात्रभर झोपले नसावेत.

"उपाशी? मी ठेवतो मुलींना?" धाकटीने जेवणाचं विचारताच ते शांतपणे म्हणाले. "रोज दोन्ही वेळा भरपूर तेल घालतो. माझ्या हाताने. विचारा त्यांना. बाटली शेडमधल्या फ्रिजवर आहे, चौकीवाल्यांनी सुद्धा पाहिली. हवी तर न्या."

"नेते," धाकटी म्हणाली.

"तुमची बहीण आहे, मी समजू शकतो," सर म्हणाले. त्यांच्या स्वरात खरीच कणव होती आणि त्या कणवेनेच धाकटीला सगळ्यात जास्त घाबरवलं. हा माणूस खोटारडा वाटत नव्हता.

ती जिन्यात उभी राहिली. पोटात तेल जातं, पण तेलातली जीवनसत्त्वं अंगात उतरत नाहीत. गोळ्या घेतल्या तर त्यातलं 'बी' लागू पडतं, 'ए' आणि 'के' पडत नाहीत. सुईने दिलं की 'के' लगेच लागू पडतं. म्हणजे अडचण पोटातच. आणि कपड्यांवर तेल. गेलं तसंच बाहेर आलेलं तेल.

ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली.

"डॉक्टर, असं तेल असतं का, जे दिसतं तेल, पण अंगाला लागतच नाही? आत जातं आणि जाताना आपल्याबरोबर तेलातली जीवनसत्त्वं घेऊन बाहेर पडतं?"

बाईंनी डोळे मिटले. "लिक्विड पॅरॅफिन. जमिनीखालून निघणाऱ्या तेलापासून करतात. रंग नाही, वास नाही. पोट साफ व्हायला देतात, थोडे दिवस, आणि जेवणाबरोबर कधीच नाही. आतडी ते पचवू शकत नाहीत. 'ए' आणि 'के' त्यात विरघळतात आणि त्याच्याबरोबर निघून जातात." त्या एकदम उठल्या. "मी काल विचारलं होतं. उंदराच्या औषधाबद्दल विचारलं त्याच वेळी. काही रेचक वगैरे चालू आहे का. ते प्रशिक्षक म्हणाले, नाही."

६

बाटली शेडमध्ये होती. धाकटीने ती उचलली तेव्हा तिच्या मनात फार आशा नव्हती. चौकीवाल्यांना स्वतः दाखवलेली बाटली. तिने परत येऊन लंबूला विचारलं, "परवाच्या खाण्यातलं काही उरलंय का?"

"डबा आहे पिशवीत. रात्री सरांनी सकाळसाठी भरून दिला होता. मग हे सगळं झालं."

डब्यात भाज्या मलूल पडल्या होत्या, पण तळाशी सुटलेल्या पाण्यावर तेलाचा थर स्वच्छ तरंगत होता.

हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तपासनीसाने दोन नळ्या घेतल्या. एकीत बाटलीतलं तेल, दुसरीत डब्यातलं. दोन्हीत थोडं स्पिरिट आणि कॉस्टिक सोडा घालून गरम पाण्यात धरल्या. खायच्या तेलाचा साबण होतो, पॅरॅफिनचा होत नाही, बाईंनी सांगितलं. धाकटीची नजर घड्याळावर जात होती. चौकीची गाडी एव्हाना क्लबवर पोचली असणार. आक्का बाकावर एकटी.

तपासनीसाने नळ्यांमध्ये पाणी घालून हलवलं. बाटलीतल्या तेलाचा पांढरा दाट फेस वर आला. डब्यातलं तेल फेसाळलं नाही. ते फुटलं, पुन्हा एक झालं, आणि जसं होतं तसं वर येऊन बसलं.

"म्हणजे बाटली बदलली," बाई म्हणाल्या.

"हो. आणि बदलणाऱ्याला ठाऊक होतं ती का बदलायची."

तिने फोन लावला, तिसरीला. "पोरी, एकच विचारते. काल गाडी गेल्यावर तू कोठीत गेलीस का?"

पलीकडे वल्हं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तू फरशीवरचं रक्त धुतलंस. पावडर कोठीतच असते. मला आक्काने सांगितलं नाही, मीच धरून चाललेय."

"गेले होते," तिसरी अगदी बारीक आवाजात म्हणाली. "पाकीट फळीवर होतं. निळं. मी पाहिलं. पण सांगितलं असतं तर म्हणाले असते, कोठीत हीच गेली."

"तेव्हा आक्का कुठे होती?"

"लंबूबरोबर, गाडीत."

"आणि त्यानंतर क्लबवर कोण परत आलं?"

"सर. लंबूचे कपडे न्यायला. आक्का खूप नंतर आली."

७

चौकीचा फौजदार तरुण होता आणि दुसऱ्या हद्दीतल्या बाईने मध्ये पडलेलं त्याला आवडलं नव्हतं. तरी त्याने दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या, डॉक्टरीणबाईंचं ऐकलं, आणि सरांना शेडमध्ये खुर्ची दिली. फळ्यांवर होड्या उलट्या ठेवलेल्या, तळ्याच्या पाण्याचा उजेड त्यांच्या तळांवर हलत होता.

"मुलींना विष कुणी दिलंच नाही," धाकटी म्हणाली. "विष दिलं असतं तर पाकीट आधी नाहीसं झालं असतं. ते झालं रक्त आल्यावर, डॉक्टरांनी प्रश्न विचारल्यावर. त्या वेळात आक्का हॉस्पिटलमध्ये होती. तिसरीने ते घेतलं असतं तर फळीवर पाहिलं असं ती कधीच कबूल करती ना. तेलाला हात लावणारे फक्त तुम्ही. डब्यातलं एक, बाटलीतलं दुसरं. डबा तुमच्या ध्यानात राहिला नाही."

सर मोटरसायकलची किल्ली बोटांत फिरवत राहिले.

"त्यात उष्मांक नसतात," ते म्हणाले. "भाज्या घशाखाली उतरतात आणि वजन वाढत नाही. मीही खेळत होतो तेव्हा घ्यायचो. मला काही झालं नाही."

"तुम्ही किती दिवस घेतलंत?"

"शर्यतीआधी थोडे दिवस."

"या मुलींना वर्ष होत आलं."

त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "डॉक्टरांनी रेचकाचं विचारलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. आणि त्याच दमात त्यांनी उंदराचं औषध म्हटलं. वाटलं, पाकीट उचललं की सगळे तिकडेच बघतील, आणि अहवालात विष निघणारच नाही, आक्का सुटतील आपोआप. तोवर शर्यत होऊन जाईल. मी कुणाला मारायला निघालो नव्हतो."

"चिमणीला दिसत नव्हतं, तेव्हाही नाही?"

सरांची नजर जिन्याकडे गेली. जिन्यावर चिमणी उभी होती, भिंतीला हात लावून. तिने सगळं ऐकलं होतं. ती वळून वर गेली, आणि सरांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. पाकीट त्यांच्या मोटरसायकलच्या डिकीत मिळालं.

डॉक्टरीणबाईंनी चिमणीलाही दाखल करून घेतलं. डोळे सुधारतील, त्या म्हणाल्या, पण या शर्यतीचं नाव काढायचं नाही. लंबूने ते ऐकून भिंतीकडे तोंड फिरवलं आणि चिमणीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

आक्काच्या स्वयंपाकघराचं सील निघालं तेव्हा ऊन कलत होतं. तिने चहा टाकला, दोन पेले भरले, आणि समोर बसून बहिणीकडे नीट पाहिलं.

"खरं सांग, धाकटे. तुला वाटलं होतं का, मी केलं असेन?"

धाकटीला सोपं उत्तर येत होतं. ते देणं कठीणही नव्हतं.

"वाटलं होतं," ती म्हणाली. "तू 'मर' म्हणालीस ते ऐकल्यापासून, ते डॉक्टरांशी बोलेपर्यंत."

आक्का चहात बघत राहिली. बाहेर तिसरी होड्या झाकत होती, ताडपत्रीचा आवाज येत होता.

"बरं झालं," आक्का म्हणाली. "नाहीतर तू माझी बहीण म्हणून मला सोडवलंस, असं मला जन्मभर वाटत राहिलं असतं." आणि तिने बहिणीच्या पेल्यात न विचारता आणखी साखर घातली.